गणिताच्या बाईंची धाकटी

"आज फार उशीर केलात, बाई," असं तळ्याकाठच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, आणि मी, काय झालं कोण जाणे, "हो, झाला खरा," असं म्हणून त्यांच्या शेजारी बसले. त्या गावात येऊन मला तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवसांत आपण होऊन माझ्याशी बोललेलं ते पहिलंच माणूस. औषधांच्या दुकानातली मुलगी बोलायची, पण चिठ्ठीकडे बघून. इस्पितळातल्या नर्स बोलायच्या, पण आक्काशी, आणि तेही आक्का बहिरी असल्यासारख्या ओरडून. सकाळचे आठच वाजले होते तरी बाकाची लोखंडी पाठ तापायला लागली होती. माझे पाय भरून आले होते. हातात आक्काची निळी छत्री होती, पायात तिच्याच चपला. मी ती नव्हे, मी तिची धाकटी बहीण, ती आजारी आहे, म्हणून मी आले आहे, हे सगळं सांगायला निदान चार वाक्यं लागली असती आणि तेवढी माझ्यात शिल्लक नव्हती. "मला वाटलं रुसलात," ते म्हणाले. "दोन आठवडे पत्ता नाही." "बरं नव्हतं," मी म्हटलं. "तरीच आवाज बसलाय." ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या थोडं डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं. चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड. "जन्मभर लोकांना चष्मे करून दिले," ते म्हणाले, "आणि आता मलाच मोतीबिंदू. पिकल्याशिवाय काढायचा नाही म्हणतात. फळ आहे का ते?" मी हसले. हसल्यावर जबडा दुखला, इतके दिवस तो त्या कामाला लावलेलाच नव्हता.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी घरी पलंगावर नुसती पडले होते. कापडाच्या गिरणीत एकतीस वर्षं मी तपासणीच्या टेबलापाशी उभी होते. खालून दिवा, वरून सरकत जाणारं कापड, आणि दोष दिसला की काठाला लाल दोरा लावायचा. निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि डोळे मिटले की अजूनही कापड सरकायचं. भाचा म्हणाला, "मावशी, आईला झटका आलाय. उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाही. मला इथून लगेच निघता येत नाहीये गं. तू जाशील?" मी "बरं" म्हटलं. आमच्या घरात बरं म्हणायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. त्यानं हेही विचारलं नाही की तुम्ही दोघी अकरा वर्षं बोलत नाही, तर तुला जड जाईल का. म्हणाला, "तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की जन्मभर कोणी ना कोणी माझ्या जिवावर निश्चिंत होत आलंय, आणि माझी काळजी मात्र कोणाच्या खात्यात बसत नाही.

बसचा तो शेवटचा थांबा होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि एवढी शांतता झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. पुढे तळं होतं. मोठं होतं, पण त्याबद्दल काही म्हणावं असं त्यात नव्हतं. कडेनं वळत गेलेला रस्ता, बुटक्या भिंतींची घरं, भिंतींवरून बाहेर आलेल्या बोगनवेली, एका अंगणात नळी सुरूच राहून पाणी रस्त्यावर आलेलं. माणूस कुठेच नाही. दुपारी बारा ते चार ते गाव असंच असायचं, उरलेलं अन्न झाकून ठेवावं तसं. पडदे ओढलेले, कुत्री गाड्यांखाली, आणि तळ्याकडून शेवाळाचा कोमट वास. मोठ्या शहरातून कंटाळलेली माणसं अशा ठिकाणी येऊन राहतात, म्हणे शांत वाटतं. मला पहिले काही दिवस ती शांतता अंगावर आली. गिरणीत कान किटायचे पण निदान कळायचं तरी, की काहीतरी चाललंय.

आक्काच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. गणिताच्या बाईचं घर, दुसरं काय असणार. टॉवेल चार घड्यांचे, डब्यांवर चिठ्ठ्या, पेन्सिली टोकाच्या बाजूनं एकाच दिशेला. मी कुलूप उघडून आत गेले आणि चोरासारखी दाराशीच उभी राहिले. माझ्या चपला इतक्या घासल्या होत्या की अंगठा जमिनीला लागत होता, म्हणून तिच्या चपला घातल्या. त्या माझ्यासाठीच घेतल्यासारख्या बसल्या. आमच्या आईचे पाय आम्हां दोघींना आले. आईचा रंग, आईचं नाक, आईचा खणखणीत आवाज हे आक्काला आलं. आणि आई माझ्या वाट्याला आली.

नऊ वर्षं. आई अंथरुणाला खिळली ती माझ्याच घरात, माझ्याच खोलीत. मी गिरणीतून यायचे, हात धुवायचे आणि दुसरी पाळी सुरू व्हायची. आक्का दर महिन्याला पत्र पाठवायची, त्यात सूचना असायच्या, एक, दोन, तीन आकडे घालून. शेवटच्या महिन्यात आईनं खाणं सोडलं. चमचा नेला की ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, शरीरानं ठरवलंय. आक्का आली ती शेवटच्या चार दिवसांसाठी. तिनं पांघरूण उचलून पाहिलं, खाली आई लहान मुलीएवढी उरली होती. आई गेली आणि घर नातेवाइकांनी भरलं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आक्का कोणालातरी सांगत होती, "हिनं आईला उपाशी मारलं." वर्गात सगळ्यांना ऐकू जावं तशा आवाजात. मी ट्रे खाली ठेवला नाही. सगळ्यांना चहा दिला, तिलाही दिला. कप घेताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि त्यानंतर अकरा वर्षं मी तिच्याकडे. पण ते वाक्य राहिलं. कापड सरकत असलं तरी राहायचं. कधी कधी भाजी चिरताना हात थांबायचा आणि वाटायचं, जबरदस्ती करायला हवी होती का? चमचा आणखी एकदा न्यायला हवा होता का? डॉक्टर सांगून मोकळे होतात.

इस्पितळात भेटीची वेळ चार ते सहा. आक्का खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची, उजवा हात उशीवर ठेवलेला, कोणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा. तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता, मंगळवार. झटका शुक्रवारी आला होता, मंगळवारचा काही संबंध नव्हता. पाणी हवं असलं तरी मंगळवार, पंखा बंद करायचा असला तरी मंगळवार. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्या मला म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं हो. शब्द सापडत नाहीत. एक सापडलाय, तो सगळीकडे वापरतात." पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा आक्का माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग तिचा चेहरा एका बाजूनं हलला. "मंगळवार," ती म्हणाली. ती रागावली होती, की घाबरली होती, की तिला बरं वाटलं होतं? निम्म्या चेहऱ्यावरून मला वाचता आलं नाही. मी तिची नखं कापली. त्या कामाला बोलावं लागत नाही.

तळ्याकाठी मी दुसऱ्या दिवशीही गेले, आणि तिसऱ्याही. स्वतःला सांगत होते की आज खरं सांगून टाकू. पण चष्मेवाले आधीच सुरू व्हायचे आणि मला नुसतं ऐकत बसता यायचं. ते गाव मला कळलं ते त्यांच्या तोंडून. पूर्वी तळ्यात होड्या होत्या, एक उलटली, मग बंद केल्या. कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरात दोन भाऊ राहतात, मधे भिंत घातलीय पण वर्तमानपत्र अजून एकच घेतात. वाचनालयातल्या बाई दुपारी आतून कडी लावून झोपतात, दार वाजवायचं नाही. परतताना मी ती घरं बघायचे आणि मला हळूहळू रस्ते पाठ व्हायला लागले. कुठल्या फाटकाला गंज आहे, कुठल्या झाडाची सावली दहानंतर सरकते. त्यांच्याकडून मला आणखीही एक बाई कळत होती, त्यांच्या बाई. ती पांढरे पक्षी मोजायची आणि आकडा कालच्यापेक्षा कमी आला की नगरपालिकेला नावं ठेवायची. ती मोठ्यानं हसायची. "तो तुमचा शाळेतल्या तपासनीसाचा किस्सा परत सांगा," ते म्हणाले. मी म्हटलं, "आठवत नाही." "तुम्हाला? दहा वेळा सांगितलाय." मी तळ्याकडे बघत राहिले. माझी आक्का विनोद सांगत नसे. माझ्या आक्कानं माझी प्रगतिपुस्तकं तपासली होती, माझे केस ओढून ओढून वेण्या घातल्या होत्या, मला पोहायला शिकवताना पाण्यात सोडून दिलं होतं आणि काठावरून मोजत उभी राहिली होती. तिला विनोद कधीपासून यायला लागले? मला हेवा वाटला, या आंधळ्या होत चाललेल्या माणसाचा.

सहाव्या दिवशी ते म्हणाले, "ते पत्र लिहिलंत का?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? धाकटीला लिहिणार होतात ते."

मी तळ्याकडे तोंड फिरवलं. ते जरा अवघडले. "नसेल सांगायचं तर राहू दे. पण तुम्हीच म्हणाला होतात, तिनं नऊ वर्षं आईचं केलं आणि मी चार दिवसांची पाहुणी, तिला नको ते बोलून बसले. खोटं आहे ते बोलतानाच ठाऊक होतं, पण तोंडातून गेलं, आणि मग परत घ्यायची लाज वाटली."

"कधी म्हणाले मी असं?"

"कधी काय, बाई, दर पंधरा दिवसांनी म्हणता. आणि मी म्हणतो लिहा, आणि तुम्ही म्हणता लिहिते."

एवढ्या वर्षांनी असं काही कानावर आलं तर माणूस रडेल, हलकं होईल, असं वाटतं. मी उठले, छत्री न उघडता उन्हातून घरी आले आणि आक्काचं घर उलटंपालटं केलं. दुपारचे बारा, पडदे ओढलेले, आणि मी घामानं निथळत तिचे खण उपसत होते. टॉवेलांच्या घड्या मोडल्या. बारा वह्या निघाल्या, सगळ्यांत पक्ष्यांचे आकडे, तारीखवार. भाच्याची पत्रं निघाली, दाखले, शाळेचे फोटो. पत्ते लिहायच्या छोट्या वहीत माझं नाव होतं. जुना पत्ता रेघ मारून खोडला होता, खाली तीन वर्षांपूर्वी मी घेतलेल्या घराचा नवा पत्ता, पिनकोडसकट. पण पत्र नव्हतं. अर्धं लिहिलेलं नाही, फाडलेलं नाही, "प्रिय" एवढं लिहून सोडलेलंही नाही. मी जमिनीवर बसून राहिले. दर पंधरा दिवसांनी एका परक्या माणसाला सांगायला तोंड होतं. मला सांगायला बसचं एक तिकीट काढायचं होतं. ते नाही. आणि आता तोंडच गेलं. चार वाजता इस्पितळात जाऊन मी तिच्या समोर खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "आक्का, तू मला पत्र लिहिणार होतीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. डाव्या हाताची बोटं झग्याच्या काठाला चाळा करायला लागली. "मंगळवार," ती अगदी हळू म्हणाली. "मंगळवार, मंगळवार." मागे उभ्या असलेल्या शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. "आज सूर किती छान लागलाय, बघितलंत?"

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्यांना खरं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, जणू पुसून मी वेगळी दिसणार होते. "आठवडाभर बसत होतात इथे," ते म्हणाले. "आणि मी आपला बोलतोय. मनात म्हटलं, बाईंना आजारपणानं ऐकायची सवय लागलेली दिसते." मग थोड्या वेळानं, "म्हणजे तुम्ही धाकटी." "हो." "मग पत्र पोचलंच म्हणायचं." मला एकदम संताप आला. "नाही पोचलं," मी म्हटलं. "तुम्ही पोस्टमन नाही. आणि जे लिहिलंच नाही ते पोचत नाही." ते ओशाळले. "खरंय," म्हणाले. त्यांची मान खाली गेली, आणि खाली बघतच त्यांनी विचारलं, "बोलतील का हो परत?" मला तेव्हा कळलं की या गावात आक्कावाचून अडलेलं आणखी एक माणूस आहे. मी म्हटलं, "माहीत नाही." तेवढंच माहीत होतं.

पंधरवड्यानं आक्काला घरी सोडलं. भाच्याचा फोन आला, त्यानं एक चांगलं केंद्र बघून ठेवलं होतं, पण तिथे जागा व्हायला चार महिने होते. "तोवर तू आहेसच ना?" या वेळी माझ्या तोंडून बरं निघालं नाही. "बघते," मी म्हटलं. पण बघते म्हणून कुठे जाणार होते? आक्काला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कपड्यात एक हात आधी आणि दुसरा नंतर. माझ्या हातांना सगळं येत होतं, हात विसरले नव्हते. मी मात्र अकरा वर्षांपूर्वी ज्या खोलीतून बाहेर पडले होते तिथेच परत आणून ठेवल्यासारखी झाले होते. तोच औषधांचा वास, तोच गळ्याला बांधलेला रुमाल. आक्का काठीनं चार पावलं टाकायची, मग भिंतीला टेकायची आणि घराकडे बघायची. टॉवेलांच्या घड्या मी परत घातल्या होत्या, पण तीनच्या. ते तिच्या नजरेला आलं असणार.

आणि तिनं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी चार घास, तिसऱ्या दिवशी दुपारी मी मऊ भात कालवून समोर बसले, चमचा नेला आणि तिनं ओठ मिटले. घट्ट, पांढरे होईपर्यंत. मी तो चेहरा ओळखला. निम्मा आक्काचा होता, पण ओठ आईचे होते. मी म्हटलं, "खा गं." तिनं मान फिरवली. "आक्का, एक घास." डाव्या हातानं तिनं चमचा लोटला, भात माझ्या मांडीवर सांडला. त्यानंतर मी जे बोलले ते मी बोलले यावर माझाच विश्वास बसत नाही, कारण माझा आवाज कधी चढत नाही. "नको खाऊस!" मी ओरडले. "मर उपाशी! आणि मग बोलाव सगळ्यांना, सांग की हिनं मारलं. पण आता सांगणार कशी? आता कोण सांगणार? त्या चष्मेवाल्याला सांगत बसत होतीस! मला का नाही सांगितलंस? नऊ वर्षं तिचं मलमूत्र काढलं मी. रोज चमचा नेला. रोज. तू चार दिवस आलीस आणि माझा जन्म एका वाक्यात निकालात काढलास, आणि मी तुला चहा दिला. चहा दिला गं मी तुला!" खालच्या मजल्यावर कोणाची तरी खिडकी बंद झाली. त्या गावात एवढा आवाज कोणी करत नसावं.

मी भिंतीला टेकले. आक्का हलली नव्हती. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं, तेवढे दोन्ही तिचे चालू होते. मग तिनं डावा हात पुढे केला आणि ताटली स्वतःकडे ओढली. चमचा हातात नीट धरता येईना, पडला, तेव्हा तिनं बोटांनी भात उचलला. पहिला घास हनुवटीवरून खाली आला. दुसरा आत गेला. ती चावत राहिली, गिळताना मान वर करावी लागत होती, ठसका लागला, तरी थांबली नाही. मी पाणी पुढे केलं, ते प्यायली आणि परत भात. गार झालेला, मीठही बेताचंच. एक शब्द नाही, मंगळवारसुद्धा नाही. माझ्याकडे बघत, घास घेत, माझ्याकडे बघत. निम्म्यावर मला वाटलं की म्हणावं, पुरे गं आक्का, राहू दे. पण मी म्हटलं नाही. अकरा वर्षांनी का होईना, ती माझ्यासमोर काहीतरी पुरं करत होती आणि मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं. ताटली रिकामी व्हायला पाऊण तास लागला. शेवटचं शीत तिनं बोटानं पुसून घेतलं. मी रुमालानं तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच. माफ केलं का? मला कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. एवढं खरं की मी फार थकले होते, तीही थकली होती, आणि दोघींचा थकवा त्या वेळी एकाच कारणानं होता.

पाचच्या सुमाराला ऊन उतरलं तेव्हा तिनं खुणेनं काठी मागितली. जिना उतरायला आम्हांला वीस मिनिटं लागली. तिला घेऊन मी नेहमीच्या रस्त्याला वळायला गेले, तर तिनं माझा दंड ओढला आणि दुसरीकडे निघाली. एव्हाना मला ते गाव पुरतं पाठ झालं असं वाटत होतं. पण दोन घरांच्या मधून एक बोळ होता, माणसानं आडवं होऊन जावं इतका अरुंद, आणि त्याच्या शेवटी दहा-बारा दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. मी म्हटलं, "इथून तुला जमायचं नाही." ती ऐकेल तर शपथ. एक पाय, मग दुसरा, मग माझ्यावर सगळा भार. चौथ्या पायरीवर ती बसली आणि मला शेजारी बसायला हाताची थाप मारली. समोर तळ्याची ती बाजू होती जी मी कधी पाहिली नव्हती, वेताची दाट बेटं आणि उथळ, तांबूस पाणी. दगड अजून तापलेला होता. तिला धाप लागली होती. मलाही लागली होती. आधी कोणाचा श्वास जाग्यावर येतो ते बघत आम्ही दोघी तिथे बसून राहिलो.